गोळा जागेवर बसत नाही

माझ्या मानेवर उजवीकडे, जबड्याच्या जरा खाली, एक काळपट डाग आहे. जन्मखूण नव्हे, कमावलेला आहे. चार किलोचा लोखंडी गोळा अठरा वर्षं एकाच जागी टेकवून फेकत राहिलं की कातडी घट्ट होते आणि मग तशीच राहते. मी कराडची. गोळाफेकीत दोनदा राज्यात पहिली आले. त्या दोन्ही फोटोंत माझा चेहरा मारक्या म्हशीसारखा आहे आणि मानेवर खडूची पांढरी पूड आहे.

लग्नाच्या बाजारात या डागाची पंचाईत व्हायची. कुणी बघायला येणार म्हटलं की आई तिथं पावडर थापायची. अविनाश बघायला आला त्या दिवशी मी मोरीत जाऊन पावडर धुतली आणि त्याला सरळ सांगितलं, "हे असं आहे. जाणार नाही." तो म्हणाला, "जायला कशाला पाहिजे? मेडल कपाटात ठेवावं लागतं, हे बरंय." तिथंच लग्न ठरलं.

डागाचं एवढं कौतुक सांगतेय, कारण त्यानेच माझा घात केला. खरं तर त्याने नाही, मीच केला.

तुला काय कळतंय

आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो. अवि एका कंपनीत अकाउंटंट आहे, मी फहाहीलच्या भारतीय शाळेत पीटी शिकवते. मुलगी ऋचा त्याच शाळेत. आपली आई शिट्टी घेऊन मैदानावर ओरडते याची तिला भयंकर लाज वाटते.

ऋचाच्या चौदाव्या वाढदिवसाला अवि आमचे दोघींचे फोटो काढत होता. मोबाईल खाली घेऊन तो म्हणाला, "सुजा, ते मानेला काय आलंय? फुगलंय का?"

मी आरशात बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "गोळ्याची जागा आहे ती. तुला माहितीये."

दोन-तीन महिन्यांनी, डिसेंबरात, त्याने पुन्हा विचारलं. कुवेतचा डिसेंबर म्हणजे स्वेटर घालावा लागतो, आणि मी रोज सकाळी ओल्याचिंब गाऊनमध्ये उठत होते. मी म्हटलं, चाळिशी उलटली, आता हे व्हायचंच. अंगाला खाज सुटायची, तर म्हटलं इथलं पाणी मेलं असलं. अवि म्हणाला, "ते घामाचं राहू दे, पण मानेचं एकदा दाखवून येऊ." मी चिडले. तोंडातून जे निघालं ते जसंच्या तसं लिहिते: "तुला काय कळतंय त्यातलं? जन्मात कधी गोळा उचललायस का? अठरा वर्षं ठेवलाय मी तिथं!"

अवि भांडत नाही, ही त्याची खोड आहे.

शिवाय मी बारीक होत होते! आयुष्यभर थोराड म्हणून हिणवलेली बाई, आठ किलो उतरली. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका मला घेरून विचारत होत्या, "काय करतेस गं? आम्हालाही सांग की." आणि मी, अहो मी, त्यांना सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्या म्हणून सांगत होते. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

ओलावी सर

कराडला आमच्या कोचकडे एक घासून घासून पांढरी झालेली सीडी होती, परदेशी खेळाडूंच्या फेकींची. त्यात फिनलंडचा एक चॅम्पियन होता, ओलावी. सात वेळा आपल्या देशात पहिला, युरोपात एक पदक. बाकीचे फेकताना डरकाळी फोडायचे, हा एक शब्द काढायचा नाही. पाठ वळवून उभा राहायचा, एक पाय मागे सरकवायचा, आणि पुढच्या क्षणी गोळा लांब वाळूत रुतलेला असायचा. त्या फेकी मी शेकडो वेळा बघितल्या असतील. माझी फेक म्हणजे त्याची केलेली नक्कलच.

आणि नशीब बघा. वीस वर्षांनी तोच माणूस दोन वर्षांच्या करारावर इथल्या एका क्लबचा कोच होऊन आला. मुलींच्या बॅचला बाई हवी होती म्हणून क्लबने आमच्या शाळेत विचारलं. मी तर उडालेच! शाळेची परवानगी काढली आणि दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मैदानावर जाऊ लागले. साठीचा, ताडमाड, टक्कल लालबुंद झालेला. डोक्यावर ओला टॉवेल टाकून एवढ्या उन्हात गरम कॉफी प्यायचा. इंग्रजी मोजकं, आणि त्यातलंही वापरायचा निम्मंच. एखादी फेक आवडली तर म्हणायचा, "ओके." मी त्याला ओलावी सर म्हणायचे. त्याला ते विचित्र वाटायचं, पण चालवून घ्यायचा.

एप्रिलमधला शुक्रवार. मुलींना गोळा मानेला कसा टेकवायचा ते मी दाखवत होते. खडू लावला, गोळा उचलला, टेकवला, वळले, फेकला. फेक यथातथाच गेली. सर जवळ आले.

"पुन्हा."

मी पुन्हा फेकला.

"तुझा गोळा मागे सरकलाय. एक बोट मागे. का?"

म्हटलं, सवय मोडलीये, वय झालं, असं काहीबाही. त्यांनी मान हलवली. "सवय मोडत नाही. हाताला जागा माहीत असते. गोळा जागेवर बसत नाही, कारण तिथं दुसरं काहीतरी आहे."

मी हसून तेच म्हटलं जे अविला म्हटलं होतं. गोळ्याची खूण आहे, अठरा वर्षांची.

सरांनी टॉवेल बाजूला केला आणि कॉलर खाली ओढली. त्यांच्या मानेवर माझ्याच जागी, माझ्यासारखाच डाग. माझं बोट धरून त्यांनी त्याच्यावर ठेवलं. या माणसाने तोवर माझ्याशी साधं शेकहँडही केलं नव्हतं. "अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "सपाट आहे. आपली खूण सपाट असते, सुजाता. ती वाढत नाही."

मग मैदानाच्या कडेला बाकावर बसून त्यांनी मला त्यांच्या जुन्या जोडीदाराची, पेन्टीची, गोष्ट सांगितली. एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. दोघं एकाच गावचे, एकाच कोचचे. हिवाळ्यात बाहेर बर्फ, म्हणून गवताच्या कोठारात फेकायचे. पेन्टी दर वेळी हातभर पुढे. एका हिवाळ्यात त्याच्या मानेवर गाठ आली. सगळे म्हणाले, गोळ्याची आहे. कोच म्हणाला, ओलावी म्हणाला, पेन्टी स्वतःही. वसंतात तो बारीक झाला, तर लोक म्हणाले, काय फॉर्मात आहे! पानं गळायच्या आत पेन्टी गेला.

"पुढच्या उन्हाळ्यात मला युरोपात पदक मिळालं," सर म्हणाले. "तू ज्याचं कौतुक करतेस ते. ते त्याचं आहे. मी त्याला म्हटलं होतं, स्पर्धा होऊ दे, मग दाखव. मी म्हटलं होतं."

तरी मी म्हटलंच, "बघते, उद्या जाते."

"आज," सर म्हणाले. "उद्या नाही. आज."

मुलींना त्यांनी घरी पाठवलं आणि अविला फोन लावायला लावला. अवि येईपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले.

सात महिने

त्यानंतर क्लिनिक, तिथून मोठं हॉस्पिटल, सुई, मग गाठ काढून तपासणी, स्कॅन. प्रत्येक खिडकीत सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवायचा, नंबर घ्यायचा, बसायचं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. डॉक्टर इजिप्तचे होते, मृदू बोलायचे. लिम्फोमा म्हणाले, गाठींचा कॅन्सर. छातीतही आहे, पोटातही आहे. तिसरी स्टेज. औषधाला हा बहुतेकदा दाद देतो, असंही म्हणाले, पण ते मला घरी आल्यावर आठवलं. तेव्हा मी त्यांच्या टेबलावरची खजुराची बशी बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं की सोमवारी शाळेत इंटरहाऊस मॅचेस आहेत.

डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत अवि म्हणाला, "सात महिने." महिनेच नाही, वर दिवसही सांगितले. त्या वाढदिवसापासून हा माणूस मनातल्या मनात मोजत होता.

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलो. अविने किल्ली हातात धरली होती, लावली नाही. बाहेर धुळीचं वादळ, समोरची बिल्डिंग दिसेना. तो म्हणाला, "दोनदा विचारलं होतं मी."

तेव्हा मी काय म्हणावं? चुकले म्हणावं की नाही? मी म्हटलं, "मग तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

इतकं दुष्ट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. शेवटी मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला हलवलं.

लाल औषध

बारा वेळा केमो, दर पंधरा दिवसांनी. चार औषधं, त्यातलं एक लालभडक. ते नर्स स्वतः समोर बसून हळूहळू सोडते. माझी नर्स चिपळूणची निघाली, वैशाली. पहिल्या दिवशी माझा दंड बघून म्हणाली, "अगो बाई, केवढा हात! ताई, शीर सापडायची चिंता नाही तुमची." सहाव्या खेपेला तीच चार जागी टोचून थकली आणि डोळे पुसायला पडद्यामागे गेली. शिरा करपल्या होत्या.

काय काय झालं ते सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. केस गेले, ते सोसवलं. तोंड आतून सोलवटलं, ते नाही सोसवलं. जिभेला सगळं लोखंडासारखं लागायचं, अगदी वरणभातसुद्धा. ज्या हाताने गोळा फेकला त्या हाताला पाण्याचा तांब्या पेलवेना. त्या दिवशी मी मोरीत बसून मोठ्याने रडले. मरायच्या भीतीने नाही हो, तांब्यासाठी. अवि दाराबाहेर उभा होता. आत आला नाही, आणि तो आला नाही हे बरं झालं.

शेजारच्या खुर्चीत एक बांगलादेशी गवंडी असायचा. पन्नाशीचा, बरोबर कधीच कुणी नाही. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेली. मोडक्या हिंदीत मला विचारायचा, "दीदी, आज खाना गया?" मी आंबिलीचा डबा पुढे करायचे. दोन घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "हमारे उधर भी ऐसा बनता." त्याच्या तिकडे असलं काही बनत नसणार, पण मला बरं वाटावं म्हणून म्हणायचा. आठव्या खेपेला त्याच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं. वैशालीला विचारलं तर तिने सलाईनचा थेंब नीट करत सांगितलं, "गावी पाठवला, ताई." कसा पाठवला ते मी विचारलं नाही.

ऋचा हॉस्पिटलला यायचीच नाही. घरी दार लावून बसायची. आमच्या हॉलमध्ये माझा जुना गोळा दाराला अडसर म्हणून ठेवलेला असायचा. एक दिवस तो दिसेना. विचारलं तर इंग्रजीत फाडकन म्हणाली, "आय थ्रू इट. समुद्रात. इट्स द बॉल्स फॉल्ट, ओके?" एवढं वजन उचलून ही पोर एकटी फिंतासच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेली होती. मी म्हटलं, "बाळा, गोळ्याने नाही झालं गं. मी दाखवलं नाही म्हणून एवढं वाढलं."

"देन इट्स युअर फॉल्ट," ती म्हणाली. आणि मग मराठीत, लहानपणी बोलायची तशी, "आई, तू का नाही दाखवलंस?"

मला वाटायचं, माझं शरीर मला ठाऊक आहे. खेळणाऱ्या माणसाला हा माज असतोच. दुखलं की सरावाचं, सुजलं की सरावाचं. हे वाचणाऱ्यांत कुणी दिवसभर उभी राहणारी नर्स असेल, कुणी मान मोडून कॉम्प्युटरवर बसणारा असेल. आपल्या कामाचं दुखणं आहे म्हणून जे सोडून दिलंय, ते एकदा दुसऱ्या कुणाच्या बोटाला दाखवा. दुसऱ्याच्याच. स्वतःचं बोट खोटं बोलतं.

सपाट?

बारा खेपा संपल्या आणि स्कॅन स्वच्छ आला. वैशालीने खजूर वाटले. मी ओलावी सरांना सांगायला क्लबवर गेले. त्यांचा करार संपत आला होता, सामान बांधायचं चाललं होतं. माझ्या टकलाकडे बघितलं, मग स्वतःच्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाले, "ओके."

ते फिनलंडला गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी त्यांचा मेसेज आला. एकच शब्द: "सपाट?" मी मान चाचपून उत्तर दिलं: "सपाट." पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. हालहवाल नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत, नुसतं सपाट? सपाट. हे ऋचाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू नको बघूस. यू लाय. मी बघणार." तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी, माझी आंघोळ झाली की ती मला खुर्चीत बसवायची आणि मागे उभी राहून दोन बोटांनी मान तपासायची. आधी उजवी बाजू, मग डावी, मग गळ्याच्या हाडावरचे खळगे. वैशालीच्या घरी जाऊन शिकून आली होती, हॉस्पिटलात पाय न टाकणारी पोर. अवि पेपर वाचल्यासारखं करायचा आणि पान उलटायचा नाही. ती "फ्लॅट" म्हणाली की मग आमच्या घरात चहा व्हायचा.

असं एक वर्ष आणि वर चार महिने चाललं. एकदा मी अविला म्हटलं, "त्या दिवशी गाडीत बोलले ते बोलायला नको होतं." तो म्हणाला, "नाही. तिसऱ्यांदा विचारायलाच हवं होतं मी." ते ओझं त्याच्या डोक्यावरून मला उतरवता आलं नाही. मीच ठेवलं होतं ते तिथं.

गेल्या महिन्यातला शुक्रवार. ऋचाची बोटं उजवीकडून फिरली. डावीकडे आली. पुढे गेली, थांबली, परत मागे आली. तिने काही म्हणायच्या आत मला कळलं. डावी बाजू. तिथं मी आयुष्यात कधी गोळा टेकवला नव्हता.

"आई," ती म्हणाली. बस, एवढंच.

मनात पहिलं काय आलं सांगू? एवढं सगळं होऊनसुद्धा आलं की सर्दी झाली असेल, घसा धरला असेल, आज शुक्रवार, सगळं बंद, उद्या बघू. मी ते बोलणारच होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांचा मेसेज होता. "सपाट?"

ऋचानेच फोन उचलला आणि उत्तर टाइप केलं: "नाही. डावीकडे."

उत्तर लगेच आलं.

"आज."

मी मान वर केली तर अविची खुर्ची रिकामी होती. पेपर जमिनीवर पडला होता आणि किल्ल्यांच्या खिळ्यावर किल्ली नव्हती. ऋचाने माझी फाईल घेतली, सिव्हिल आयडी घेतला, आणि पायात चपला सरकवल्या. हॉस्पिटलला मीही येऊ का, असं तिने विचारलं नाही, आणि तू येतेस का, असं मीही तिला विचारलं नाही. लिफ्टने आम्ही खाली आलो. दारासमोर अवि गाडी सुरू करून बसला होता.